विजेतेपदाच्या शर्यतीत नवख्याला कधी उतरवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेसबॉल संघ प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, शर्यतीत आहे. चौतिशीतला अनुभवी फलंदाज .२०५ च्या सरासरीवर अडकलाय, म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम वीसदा फटका मारून बेस गाठतोय (यालाच हिट म्हणतात). खाली ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या मायनर लीगमध्ये, एकवीस वर्षांचा मुलगा समोर येईल त्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) झोडपतोय. मग ज्येष्ठाला बसवून त्या मुलाला वर आणावं का?

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. आणावं, पण लवकर आणावं. त्याच्या बॅटपेक्षा त्याच्या ग्लव्हच्या आणि पायांच्या भरवशावर आणावं. आणि ज्येष्ठाला संघाबाहेर काढायचं की नाही, हा प्रश्न त्यापासून पूर्ण वेगळा ठेवावा. मी अमेरिकेत बरीच वर्षं फलंदाजांना शिकवतोय, शाळकरी मुलांपासून मायनर लीगच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांपर्यंत. ‘म्हाताऱ्याला काढा, पोराला आणा’ ही मागणी दर जूनमध्ये कानावर येते. तिच्यात दोन निर्णय एकात कालवलेले असतात आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

हे दोन निर्णय वेगळे असतात हे २० ऑक्टोबर २००७ ला फेनवे पार्कवर दिसलं. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत बॉस्टन रेड सॉक्स क्लीव्हलंडविरुद्ध १-३ असे मागे पडले होते. पाचवा सामना जिंकून ते २-३ पर्यंत आले होते आणि सहावा हरले असते तर मोसम तिथेच संपणार होता. मॅनेजर टेरी फ्रँकोना यांच्यापुढे दोन चाचपडणारे अनुभवी खेळाडू होते. सेंटरफिल्डला (मैदानाच्या मधल्या खोल भागात) कोको क्रिस्प, ज्याची बॅट त्या मालिकेत पार थंडावली होती. उजव्या बाजूला जे. डी. ड्रू, ज्याच्याशी पाच वर्षांसाठी ७ कोटी डॉलरचा करार झाला होता आणि ज्याने नियमित मोसमात फक्त ११ होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारले होते. प्रेक्षकांचा राग मुख्यतः ड्रूवर होता. फ्रँकोनांनी क्रिस्पला बसवलं आणि जेमतेम ३३ सामन्यांचा अनुभव असलेल्या जेकबी एल्सबरीला उतरवलं. ड्रूला मात्र हात लावला नाही. पहिल्याच डावात तिन्ही बेस भरलेले असताना ड्रूने होमरन, म्हणजे एका फटक्यात चार धावांचा ग्रँड स्लॅम, मारला. बॉस्टनने तो सामना १२-२ ने जिंकला, दुसऱ्या दिवशी सातवा ११-२ ने. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, एल्सबरीने .४३८ ची सरासरी काढली आणि कोलोरॅडोचा ४-० असा धुव्वा उडाला.

एकाच संध्याकाळी एका ज्येष्ठाला बसवणं बरोबर ठरलं आणि दुसऱ्याला ठेवणंही बरोबर ठरलं. याला नशीब म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ड्रूचे होमरन आटले होते, पण त्या मोसमात त्याचं बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .३७३ होतं. तो वाईट चेंडूंच्या मागे धावत नव्हता. नजर शाबूत असलेल्या फलंदाजाला मी सहसा बसवत नाही, कारण ताकदीचे फटके पुन्हा येतात ते नजरेच्या जोरावर. क्रिस्पच्या जागी मात्र तितकाच वेगवान, तितकंच मैदान कव्हर करणारा खेळाडू तयार होता, त्यामुळे बदल फसला असता तरी बचावात फारसं काही गमवावं लागणार नव्हतं. आणि क्रिस्पला अडगळीत टाकलं नव्हतं. सातव्या सामन्यात शेवटी बचावासाठी तोच मैदानात आला आणि मालिकेतला अखेरचा झेल सेंटरफिल्डच्या भिंतीवर आदळत त्यानेच घेतला.

याच संघाची वसंतातली गोष्ट तर उलट आहे. तेव्हा चाचपडत होता तो नवखा, डस्टिन पेड्रोया. एप्रिलमध्ये त्याची सरासरी .१८२ होती, आदल्या वर्षीच्या शेवटी मिळालेल्या ३१ सामन्यांत .१९१. बाकावर अ‍ॅलेक्स कोरासारखा अनुभवी खेळाडू चांगला खेळत होता आणि त्यालाच रोज खेळवा असा आग्रह चालला होता. फ्रँकोनांनी ऐकलं नाही. पेड्रोयाने .३१७ वर मोसम संपवला आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा, झाला. सरासरी पडलेली असतानाही या मुलाचा चेंडूशी संपर्क तुटलेला नव्हता. अख्ख्या मोसमात त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) झाले ४२. मेजर लीगमध्ये असे फलंदाज आहेत ज्यांचे एवढे स्ट्राइकआउट दीड महिन्यात होतात.

आता ‘फॉर्म गेला’ म्हणजे नक्की काय गेलं, याकडे येऊ. शंभर अ‍ॅट-बॅटमध्ये (सरासरीत धरल्या जाणाऱ्या खेपांमध्ये) .२३० आणि .२९० यांच्यातला फरक सहा हिट्सचा असतो. सहा! तीन चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) ग्लव्हखालून निसटले, दोन रेषेच्या आत पडले, एकाला वाऱ्याने साथ दिली की मुलगा गुणी ठरतो. तेच सहा थेट हातात गेले की ज्येष्ठ संपला. म्हणून मे-जूनमधल्या सरासरीवरून मी कुणाचंही भवितव्य ठरवत नाही. स्ट्राइकआउटचं प्रमाण मात्र फलंदाजीच्या साधारण ६० खेपांनंतर खरं बोलायला लागतं, वॉकचं (चार वाईट चेंडू सोडून मिळालेल्या बेसचं) प्रमाण त्याच्या दुपटीत. सरासरीला एक पूर्ण मोसमही पुरत नाही.

ज्येष्ठाबद्दल मला तीन गोष्टी हव्या असतात. वेगवान चेंडूवर त्याची बॅट उशिरा येतेय का? ताशी ९५ मैलांहून जोरात मारलेले चेंडू कमी झालेत का? २०१५ पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानावर स्टॅटकास्टचे कॅमेरे आहेत, त्यामुळे हे अंदाजाने सांगावं लागत नाही, आणि २०२४ पासून बॅटचा वेगही सगळ्यांना खुला आहे. तिसरी गोष्ट, तो कुठे दुखणं लपवतोय का? मनगट, गुडघा, पाठ. पस्तिशीच्या आसपासचा खेळाडू जागा जाईल या भीतीने ट्रेनरलासुद्धा सांगत नाही. अशा वेळी दहा दिवस जखमींच्या यादीत टाकणं हा संघाने त्याच्यावर केलेला उपकारच असतो. बॅटचा वेग खरोखर उतरला असेल आणि साध्या वेगवान चेंडूवर तो फाऊल मारत बसला असेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही. वय परत फिरत नाही.

पण वेग टिकून असेल तर धीर धरावा. बॉस्टनच्याच डेव्हिड ऑर्टिझचा २००९ मधला पहिला होमरन आला २० मे ला. तोवर त्याला निवृत्त करून टाकणारे लेख छापून झाले होते. मोसमाअखेर त्याच्या नावावर २८ होमरन होते, त्याच्या बॅटीवर संघाच्या ९९ धावा आल्या होत्या, आणि त्यानंतर तो आणखी सात मोसम खेळला. सेंट लुईस कार्डिनल्सकडे २०२२ मध्ये अल्बर्ट पुहोल्स ४२ वर्षांचा होता. जुलैच्या सुरुवातीला त्याची सरासरी .२०० च्या आसपास रेंगाळत होती, ऑल-स्टार सामन्यापर्यंत फक्त ६ होमरन. उरलेल्या मोसमात त्याने १८ मारले, कारकिर्दीचा आकडा ७०३ वर नेला आणि कार्डिनल्स आपल्या विभागात पहिले आले. त्याला टिकवण्याचा मार्ग साधा होता: डावखुरे पिचर असतील तेव्हा तो नक्की खेळायचा, बाकीच्या दिवशी गरज पाहून. ज्येष्ठाचं काम कमी करता येतं. तो रोज खेळेल किंवा घरी जाईल, यापलीकडेही खूप जागा असते आणि ती वापरली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुलाकडे. ‘लवकर आणा’ यावर मी इतका अडून का बसतो, ते आकडेमोडीतून दिसेल. बेसबॉलमध्ये ढोबळमानाने दहा धावांचा फरक म्हणजे एक विजय. समजा ज्येष्ठ सध्या कुठल्याही बदली खेळाडूइतकाच उपयोगी उरलाय आणि मुलगा पूर्ण मोसमात दोन विजयांची भर घालेल असा आहे. १६२ सामन्यांपैकी ६० उरले असताना तुम्ही बदल केलात तर हाती लागतं पाऊण विजयाच्या आत. तोच बदल ११५ सामने उरले असताना केलात तर जवळपास दीड विजय. शर्यत एका-दोन सामन्यांनी ठरते तिथे ही तफावत मोठी आहे. ऑगस्टच्या शेवटी घाबरून केलेला बदल बहुधा आकड्यांत दिसतही नाही.

लॉस एंजेलिस एंजल्सच्या चाहत्यांना हे सांगायला नको. २०१२ चा मोसम त्यांनी माइक ट्राउटला ट्रिपल-एमध्ये ठेवून सुरू केला. वसंतात तो आजारी पडला होता हे खरं, आणि आदल्या वर्षी ४० सामन्यांत त्याची सरासरी .२२० होती हेही खरं. पण संघ ६-१४ असा कोसळला. मग त्यांनी अनुभवी बॉबी अब्रेयूला सोडून दिलं आणि २८ एप्रिलला ट्राउटला वर आणलं. तिथून पुढे एंजल्स ८३-५९ खेळले. ट्राउटची सरासरी .३२६, ३० होमरन, ४९ बेस चोरलेले. एवढं होऊनही ८९ विजयांवर ते थांबले आणि वाइल्ड कार्ड (विभाग न जिंकताही प्लेऑफमध्ये नेणारी जागा) चार सामन्यांनी हुकलं. ते पहिले वीस सामने कुणी परत आणून दिले नाहीत. अर्थात प्रत्येक मुलगा ट्राउट नसतो. म्हणून मी शिकण्यासाठी दुसरं उदाहरण पुढे करतो, जे जास्त संघांना लागू पडतं.

२०२२ च्या मे महिन्यात अटलांटा ब्रेव्ह्ज, म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते, धडपडत होते. सेंटरफिल्डला अ‍ॅडम डुव्हॉल उभा होता. आदल्या वर्षी उजव्या फिल्डला गोल्ड ग्लव्ह (सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा पुरस्कार) मिळवलेला हा भला खेळाडू मध्यभागी ताणला जात होता आणि त्याची बॅटही पडली होती. २८ मे ला त्यांनी मायकल हॅरिसला ट्रिपल-एच्याही खालच्या डबल-एमधून थेट वर आणलं. वय २१, ट्रिपल-एचा एकही सामना नाही. त्याला सांगितलेलं काम होतं सेंटरफिल्ड सांभाळायचं. फलंदाजीला तो नवव्या क्रमांकावर यायचा, म्हणजे पडला तरी संघ त्याच्यामुळे पडणार नव्हता. डुव्हॉलला काढलं नाही, डाव्या फिल्डला हलवलं, जिथे तो मुळात चांगला होता. एका बदलाने दोन जागांचा बचाव सुधारला. त्याच आठवड्यात स्पेन्सर स्ट्रायडरला बुलपेनमधून (बदली पिचर्समधून) सुरुवातीच्या पिचर्समध्ये आणलं. १ जूनला ब्रेव्ह्ज आपल्याच विभागातल्या न्यूयॉर्क मेट्सच्या साडेदहा सामने मागे होते. लगेच त्यांनी सलग १४ सामने जिंकले, मोसम १०१ विजयांवर संपवला आणि मेट्सशी बरोबरी होऊनही आपसातल्या सामन्यांच्या जोरावर विभाग जिंकला. हॅरिसने .२९७ ची सरासरी, १९ होमरन आणि २० चोरलेले बेस अशी कमाई केली. रूकी ऑफ द इयरच्या मतदानात तो पहिला, स्ट्रायडर दुसरा.

बॅटीतून पुढे जे आलं ते वरची मिळकत होती. हॅरिस .२३० वर राहिला असता तरी तो बदल बरोबरच ठरला असता, आणि मला हीच कसोटी महत्त्वाची वाटते. मुलाची बॅट चालली नाही तरी त्याला खेळवण्याचं कारण शिल्लक राहतं का? सेंटरफिल्डर, शॉर्टस्टॉप, कॅचर यांच्या बाबतीत बहुधा राहतं. फर्स्ट बेस किंवा नियुक्त फलंदाजाच्या (जो फक्त फलंदाजी करतो त्याच्या) जागेसाठी आणलेल्या मुलाच्या बाबतीत राहत नाही. अशा मुलाला आणायचं असेल तर त्याची नजर पक्की हवी. टेक्सास रेंजर्सने सप्टेंबर २०२३ मध्ये एव्हन कार्टरला आणलं ते अडोलिस गार्सिया जखमी झाल्यामुळे, पण तो टिकला ते वाईट चेंडू सोडून देण्याच्या सवयीमुळे. प्लेऑफच्या सतराही सामन्यांत तो बेसवर पोहोचला आणि रेंजर्स पहिल्यांदा विजेते झाले. हीच कसोटी अनुभवी खेळाडूलाही लावावी. २०१३ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनच्या स्टीफन ड्रूने ५४ पैकी फक्त ६ हिट्स केल्या, .१११. शॉर्टस्टॉपला तो भिंतीसारखा उभा होता म्हणून त्याला ठेवलं, आणि थर्ड बेसवर मात्र एकवीस वर्षांच्या झँडर बोगार्ट्सला आणलं. शेवटच्या सामन्यात ड्रूने होमरनही मारला, पण तो नसता मारला तरी मी त्या निर्णयाच्या बाजूनेच उभा राहिलो असतो.

वर आल्यावर मुलाचं काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय. पहिले काही दिवस बरे जातात, कारण पिचर्सकडे त्याच्याविषयी पुरेशी माहिती नसते. मग त्याची खोट सापडते. ट्रिपल-एचा पिचर दोन स्ट्राइकनंतर तुम्हाला मारता येईल असा चेंडू देऊन बसतो. मेजर लीगचा पिचर तिथेच स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) टाकतो, झोनच्या, म्हणजे स्ट्राइकच्या चौकटीच्या, बाहेर चार बोटं, आणि तुम्ही बॅट फिरवेपर्यंत तेच करत राहतो. मुलगा घाबरतो, फटका लवकर सुरू करतो, प्रत्येक चेंडू ओढायला जातो. जॅक्सन हॉलिडे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकाने निवडलेला मुलगा, बाप मॅट हॉलिडे स्वतः मेजर लीगचा मोठा फलंदाज. बाल्टिमोरने त्याला १० एप्रिल २०२४ ला आणलं. ३४ अ‍ॅट-बॅटमध्ये २ हिट्स, १८ स्ट्राइकआउट. २६ एप्रिलला त्याला परत ट्रिपल-एला पाठवलं. ३१ जुलैला तो पुन्हा आला आणि त्याच दिवशी ग्रँड स्लॅम मारला, तरी मोसमाची सरासरी .१८९ राहिली. बाल्टिमोर प्लेऑफमध्ये पोहोचलं. या प्रकरणाला मी फसलेला प्रयोग म्हणत नाही. एप्रिलमध्ये आणलं म्हणून चूक एप्रिलमध्येच कळली, दुरुस्तीला तीन महिने मिळाले. तोच मुलगा १ सप्टेंबरला आला असता तर?

नियमांचा भाग मी थोडक्यात आटोपतो, पण तो ओळखल्याशिवाय बोलू नये. २६ जणांच्या चमूत जागा करायची तर कुणीतरी जायला हवं. तरुण खेळाडूला ‘ऑप्शन’ असतात, तो खाली जाऊन परत येऊ शकतो. पाच वर्षांची सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय मायनर लीगला पाठवता येत नाही. त्याला यादीतून काढलं की सात दिवसांत त्याचा व्यवहार करावा लागतो किंवा त्याला सोडावं लागतं. म्हणजे मुलाबाबतची चूक परत फिरवता येते, ज्येष्ठाबाबतची नाही. म्हणूनच म्हणतो, आधी मुलाला आणा, ज्येष्ठाचं काम कमी करा आणि त्याला काढण्याची घाई करू नका. जुलैअखेरीच्या सुमारास खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. मेअखेर मुलाला आणलंत तर तोवर त्याच्या दोनशेच्या आसपास खेपा झालेल्या असतात, आणि बाहेरून फलंदाज विकत आणायचा की नाही हे तुम्ही पाहून ठरवता.

पैशांमुळे मुलांना खाली दाबून ठेवणं मला अजिबात मान्य नाही. १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष मोजलं जातं आणि सहा वर्षांनी खेळाडू कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलपर्यंत खाली ठेवलं, त्याचे १७१ दिवस भरले आणि त्याचं स्वातंत्र्य एक वर्ष लांबलं. त्याने दाद मागितली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. २०२२ च्या करारात यावर थोडा उपाय आला: रूकीच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते, आणि नावाजलेल्या मुलाला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला जादा ड्राफ्ट पिक मिळू शकतो. जिंकायला निघालेल्या संघाने या हिशेबात एक सामनाही घालवू नये.

पिचर्सचं गणित सोपं आहे. सुरुवातीचा पिचर म्हणून घाई करू नये, पण बुलपेनमध्ये एका डावासाठी वीस वर्षांचा दणदणीत हात कधीही आणावा. एंजल्सच्या फ्रान्सिस्को रॉड्रिगेझने २००२ च्या नियमित मोसमात सहा डावसुद्धा टाकले नव्हते, आणि प्लेऑफमध्ये त्याने पाच सामने जिंकले. टॅम्पा बेने २००८ मध्ये डेव्हिड प्राइसला तसंच आणलं. समोरच्या फलंदाजांनी त्यांना पाहिलेलं नसतं, हा फायदा तीन आठवडे पुरतो आणि ऑक्टोबर तेवढाच असतो.

तर तुमच्या प्रश्नातल्या संघासाठी, मुलगा सेंटरफिल्ड किंवा शॉर्टस्टॉपसारख्या जागेवरचा चांगला क्षेत्ररक्षक आहे असं धरून, मी असं करेन. जून उजाडायच्या आत त्याला आणेन, आठव्या-नवव्या क्रमांकावर ठेवेन आणि आठवड्यातून किमान पाच दिवस सुरुवातीपासून खेळवेन. बाकावर बसवायचा असेल तर आणूच नये, त्या वयात रोजच्या चार खेपा हेच त्याचं शिक्षण असतं. ज्येष्ठाला बातमी वर्तमानपत्रातून कळू देणार नाही, मॅनेजरने दार लावून स्वतः सांगायची, आणि कोणत्या पिचरसमोर तो खेळणार आहे तेही त्याच वेळी. मुलाच्या ६० खेपा होईपर्यंत सरासरीचा आकडा त्याच्यासमोर कुणी काढायचा नाही. त्यानंतर स्ट्राइकआउट तीनात एकाहून जास्त असतील आणि झोनबाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरणं थांबलं नसेल, तर त्याला परत पाठवेन. जाताना त्याच्या हातात एकच काम देईन: दोन स्ट्राइकनंतरचा तो बाहेरचा स्लायडर सोडायला शिक. तो सोडता आला की फोन येईल.